गंगीचा झिरा, हजराबीचा नाला

महादेवाचं देऊळ मागे पडलं तेव्हा हजराबीने चपला काढून हातात घेतल्या आणि ती सरळ नाल्यात उतरली. मी काठाकाठाने चालत होते. माघ संपत आला होता. नाल्याला धार होती, पण घोटा बुडेल न बुडेल एवढीच. मध्येच ती रेतीत शिरून दिसेनाशी व्हायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा वर यायची.

"या ना खाली," हजराबी म्हणाली. "नाला पाहाले निघाल्या का वावरं पाहाले?"

"बूट भिजतील, चाची."

"त काढा. कोनं घेऊन देल्ले एवढे पांढरे?"

"लेकीने, ऋचाने, पाठवले पुण्याहून. चालायचेच बूट आहेत म्हणाली."

"तरीच मंघाशी देवरावचे बैल बुजले. मी म्हनलं, मले पाहून त ते आजपर्यंत कधी बुजले नाई."

मी बूट काढले, दोन्ही नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले आणि खाली उतरले. पाणी इतकं गार होतं की मनातल्या मनात चाललेला जप क्षणभर थांबला.

हजराबी आमच्या पळसोडीची. सत्तरी ओलांडलेली, काटक, बोलायला लागली की हात कमरेवर. सगळं गाव तिला चाची म्हणतं, म्हणून मीही म्हणते. ती मला सुमेधाबाई म्हणते आणि रागावली की नुसतं बाई. आमच्या घरचे, दीनानाथराव, आर्णीच्या तहसीलमधून निवृत्त झाले तेव्हा आम्ही पळसोडीच्या रस्त्याला दोन खोल्या बांधून राहायला आलो. तिचं घर आमच्या पलीकडे. मधे फक्त एक कडुलिंब.

त्या दिवशी आम्ही निघालो होतो नाल्याच्या उगमाकडे, वरच्या तांड्यामागे. सहलीला म्हणून नव्हे. त्याला कारण होतं.

पळसोडीच्या नाल्यावर यंदा नवा पूल झाला. आमच्या सरपंच बेबीताईंनी ठरवलं की पुलापाशी नाल्याच्या नावाचा बोर्ड लावायचा, आणि त्यावरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. "एकच ओळ द्या मॅडम," त्या म्हणाल्या, "मोटारसायकलवाल्याले जाता जाता वाचता आली पाह्यजे." मला वाटलं, यात लिहायचं काय आहे. हजराबीचा नाला. सगळे तेच म्हणतात. एसटीचा कंडक्टरसुद्धा पुलाच्या अलीकडे ओरडतो, "चला, हजराबी नाला, उतरा." खाली अरुणावतीला मिळेपर्यंतच्या सगळ्या गावांत तेच नाव. देवळाजवळच्या दोनचार घरांत त्याला महादेवाचा नाला म्हणतात, तेवढंच. ग्रामसभेत कोणीतरी तेही नाव सुचवलं. तर आमचे गुरव देवरावच म्हणाले, "चैतापासून पिंडीवर गळती लागते. त्या गळतीत पानी कोनाच्या झिऱ्याचं? हजराबीच्या. महादेवाची तक्रार नाई, तुमची कायले?"

पण तक्रार निघाली ती हजराबीचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "माझं नाव टाकू नका. थो नाला गंगीचा आहे."

आता पळसोडीत तिशीच्या आतल्या कोणालाही विचारा गंगी कोण, तर सांगता येणार नाही. बेबीताई म्हणाल्या, चाची लाजून राह्यली. दीनानाथरावांनाही तेच वाटलं. हजराबी मात्र अडून बसली. "तांड्यावर चला," ती मला म्हणाली. "ते लोकं गंगीचा नाला म्हनतेत. त्याईच्या तोंडून आयका आन सभेत सांगा. माझ्या बोलन्यावर त सारे हासतेत."

म्हणून ही पायपीट.

गंगीची गोष्ट मी तोवर तुकड्यातुकड्यांत ऐकली होती. नाल्यातून चालताना ती पहिल्यांदा सलग ऐकली.

हजराबीचं माहेर दिग्रसकडचं. लग्न होऊन पळसोडीला आली तेव्हा तिला स्वयंपाकही धड येत नव्हता. नवरा, उस्मानभाई, शेतातल्या पाण्याची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. ज्याच्या वावरात इंजिन बंद पडलं त्याच्या वावरात दिवसभर, त्यामुळे घरात ही एकटी. त्या काळी गावाला विहीर एकच आणि ती होळीनंतर आटायची. एका उन्हाळ्यात ती इतकी आटली की बायका बादली सोडायच्या आणि वर चिखल यायचा. मग भांडणं. नवी नवरी म्हणून हजराबीचा नंबर नेहमी शेवटी.

"एक दिवस मी रिकामी घागर घेऊन नाल्याच्या पुलावर रडत बसलती," ती म्हणाली. "पूल कायचा, दगडं टाकेल होते. खाली पाह्यलं त एक लमानाची बाई रेतीवर पालथी निजेल. मी म्हनलं, मेली का काय."

"मग?"

"मंग काय. हाक मारली. त डोकं वर करून म्हनते, बोलू नको, आयकून राह्यली."

ती गंगी. वरच्या तांड्यावरून मोळी विकायला खाली आलेली, हजराबीच्याच वयाची. ती पहाटेच्या गारव्यात नाल्याच्या कोरड्या रेतीला गाल लावून बघत होती, रेती कुठे थंड लागते ते. जिथे थंड लागली तिथे तिने नारळाच्या करवंटीने उकरायला सुरुवात केली. सरळ खाली नव्हे, तिरपं, म्हणजे कडा ढासळत नाहीत. कोपरभर खाली गेल्यावर रेतीचा रंग बदलला. मग तिने मोळीतल्या तुराट्या सोडून त्यांचं कडं वळलं आणि खड्ड्यात बसवलं. थोड्या वेळाने तळाशी पाणी जमायला लागलं. पहिलं पाणी तिने उपसून फेकलं, दुसरंही फेकलं. तिसरं नितळू दिलं आणि करवंटी भरून हजराबीच्या पुढे केली. "पे," म्हणाली.

आमच्याकडे याला झिरा म्हणतात. पावसाळ्यात पूर आला की झिरा बुजतो, उन्हाळ्यात पुन्हा उकरावा लागतो. त्यात भांडं बुडवायचं नसतं, करवंटीनेच पाणी काढायचं. रात्री वर पळसाची पानं आणि काटा टाकायचा, म्हणजे रानडुकरं घाण करत नाहीत. आणि पळसोडीची एक रीत अशी की झिरा ज्या बाईने पहिल्यांदा काढला त्याच बाईचा. पुढे सून उकरो, लेक उकरो की शेजारीण, नाव पहिलीचंच. अशी झिऱ्यांची नावं सासूकडून सुनेकडे येत राहतात आणि नाल्याचा तो तो तुकडा त्या नावाने ओळखला जातो. तो झिरा दुसऱ्या बाईने स्वतःचा म्हणून सांगितला तर गावात तिला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"गंगीचं आन माझं त्या सालापासून जमलं," हजराबी म्हणाली. "थे मोळी घेऊन ये, मी चहा करो. माझ्या सासूले आवडे नाई. म्हने, लमानीनशी काय एवढं गुलुगुलु बोलतं. मंग सासूच तिच्या झिऱ्याचं पानी पेली आन गप झाली."

दोनतीन उन्हाळे दोघींनी मिळून झिरा उकरला. नंतर गंगीच्या सासरच्यांना उमरखेडकडे ऊसतोडीत काम मिळालं आणि तिची चूल तिकडे गेली. जाताना ती करवंटी हजराबीच्या हातात देऊन गेली. पुढच्या होळीला हजराबीने एकटीने झिरा उकरला. त्याच्या पुढच्या होळीलाही. त्या गोष्टीला किती वर्षं झाली ते ती सांगत नाही, मीही विचारत नाही. तेव्हा तिचा जहीर पोटात होता. आता जहीरचं आर्णीला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि त्याच्या दाढीत पांढरं आलं आहे.

"जहीर म्हनते, अम्मी, घरात नळ आला, आता कायले रेती उपसतं. मी म्हनलं, तुहा नळ चवथ्या दिवशी येते, मी रोज येतो."

नळाचं तिचं म्हणणं खोटं नाही. आणि नळ असला तरी तिच्या झिऱ्यावर उन्हाळाभर माणसं असतातच. गुराखी, तेंदूपत्त्याला निघालेल्या बायका, एसटी चुकलेले लोक. मी स्वतः महादेवाच्या गळतीसाठी कळशी घेऊन जाते. तांब्याच्या भांड्यातून पिंडीवर दिवसभर थेंब थेंब पाणी पडत राहतं ते तिच्या हातचं असतं. उपवास धरलेला असला की ती मला कळशी उचलू देत नाही, स्वतः देवळाच्या पायरीपर्यंत आणून ठेवते. पाणी घेणारा निघताना म्हणतो, हजराबीचं पाणी गोड. असंच म्हणता म्हणता नाव पडत गेलं. आधी झिऱ्याला, मग नाल्याला, मग एसटीच्या थांब्याला.

"खरं सांगा चाची," मी विचारलं, "कंडक्टर नाव घेतो ते आवडत नाही?"

"आवडते ना. झूट कायले बोलू. पयल्यांदा आयकलं त मी दोन थांबे पुढं गेलती, उतरलीच नाई." ती हसली. मग पाण्यातला दगड पायाने बाजूला करत म्हणाली, "पन आवडलं म्हनून माझं होते का? थे अमानत आहे बाई. तिनं ठेवाले देल्लं. उद्या बोर्डावर पक्क्या रंगात माझं नाव लिहाल, मी मरीन, मंग कोन सांगन गंगीचं होतं म्हनून?"

तिला नक्की काय बोचतंय हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मीही जरा लाजण्याचाच प्रकार समजत होते.

देवळापासून वर नाला तीन वळणं घेतो. पहिल्या वळणावर काठ उंच आणि काळ्या मातीचा आहे, त्यात खंड्यांची बिळं. दुसऱ्या वळणाला डावीकडून एक ओहोळ येऊन मिळतो. पावसाळ्यात तोच खरा जोरात असतो म्हणे, पण उन्हाळ्यात त्यात सरडेही राहत नाहीत. तिसऱ्या वळणापासून कपाशीची वावरं संपतात आणि सागाचं रान सुरू होतं. तिथे नाला खडकावरून येतो. आम्ही एका सपाट खडकावर बसून भाकरी खाल्ली. माझी एकादशी नव्हती हे तिने आधी विचारून घेतलं आणि मग लसणाच्या ठेच्याची पुरचुंडी सोडली.

"गंगी पुन्हा कधी आली का?" मी विचारलं.

"आली ना. होळीले तांड्यावर येच ते. लेंगीची गानी म्हनाले, नाचाले. तवा येता जाता माझ्याकडं थांबे." हजराबीने भाकरीचा तुकडा मोडला. "पन एक सांगतो तुमाले. उमरखेडले जाऊन बाई नखऱ्याची झाली."

"कशी काय?"

"झिऱ्यावर ये, उभी राहे. पाहे. म्हने, यंदा चांगला लागला, पानी नितळ आहे. आन हात लावे नाई. स्वतःचा झिरा, पन करवंटी उचलून घोटभर पेल असन त कसम. मी म्हनो, तिकडं साखर कारखान्याचं पानी पेऊन हिले आपलं पानी आवडत नसन."

"तुम्ही म्हणायचं ना, पी म्हणून."

"मी काहून म्हनू? झिरा तिचा. तिच्या घरच्या पान्यावर मी तिलेच पे म्हनू? उलटं नाई होत का थे? मी म्हनो, चाल घरी, चहा पे. मंग चहा पेऊन जाये."

गंगी उमरखेडकडेच वारली. काही वर्षं झाली. निरोप पोचेपर्यंत तेरावाही होऊन गेला होता. हजराबीने त्या वर्षी झिरा नेहमीपेक्षा लवकर उकरला होता, एवढंच ती बोलली आणि भाकरीचं फडकं झटकून उठली.

तांडा जवळ आला तशी तिची चाल वाढली. माझे गुडघे बोलायला लागले होते, ती मात्र पुढे. तांड्याच्या खालच्या अंगाला नाल्यात एक दहाबारा वर्षांची मुलगी भांडी घासत होती. हजराबी तिच्यापाशी थांबली आणि तिने माझ्याकडे वळून पाहिलं, म्हणजे आता कान देऊन ऐका.

"बेटा, हा नाला कोनाचा?"

मुलीने राखेचा हात कपाळावरून फिरवला. "हजराबीचा."

हजराबीने हात कमरेवर ठेवले. मग म्हणाली, "कोन हजराबी?"

"असन कोनी बुढी. मेली असन."

मला हसू आवरेना. हजराबी हसली नाही. तिने पदर सारखा केला आणि काठ चढून तांड्यात शिरली. मी मुलीला "मेली नाही गं, तीच होती" एवढं सांगितलं आणि मागोमाग गेले. मुलगी हातातलं पातेलं तसंच धरून बघत राहिली.

गंगीचा दीर डोंगरसिंग अंगणात तुराट्यांचा कूड बांधत बसला होता. म्हातारा, पण आवाज खणखणीत. आम्हाला बघून त्याने खाट टाकली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. हजराबी खाटेवर बसली नाही.

"डोंगरसिंग, तुमी बी?"

"आमी बी काय, भाभी? बसा त आधी."

"नाला कोनाचा म्हनता तुमी?"

"तुमचाच. दुसऱ्या कोनाचा?"

"आन गंगी? तुमची सख्खी भाभी होती ना थे? तिनं पयला झिरा काढला. माझ्यासमोर काढला. गावातल्या लोकाईनं नाव बदललं त मी समजू शकतो, गाव गांडूच आहे." तिने माझ्याकडे बघून जीभ चावली. "पन तुमी काहून पुसलं?"

डोंगरसिंगने हातातली दोरी खाली ठेवली. "आमी नाई पुसलं. तिनंच सांगतलं. होळीले आली की पोरासोराईले म्हने, हजराबीच्या झिऱ्यावरून आली, हजराबीचा नाला भरून आहे. आमी तेच म्हनाले लागलो."

"पन झिरा तिचा."

"तिचा कसा? उकरे कोन?"

"मी."

"त तुमचा." त्याला यात समजावण्यासारखं काही वाटत नव्हतं. तो माझ्याकडे वळला. "पाहा मॅडम, आमचे बापदादे बैलाच्या पाठीवर माल घेऊन फिरत. आज या नाल्यावर, उद्या त्या. मागं नाव ठेवून काय कराचं? आमच्यात जो रेती काढते त्याचा झिरा. पुढच्या साली दुसरी बाई काढन त दुसरीचा. आन लोकाच्या झिऱ्यातून, त्यानं पे म्हनल्याबगर आमी पेत नाई. बापाचा असला तरी."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. हजराबीने तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. तशीच हातात धरून उभी राहिली.

"पे म्हनल्याबगर पेत नाई?" तिने विचारलं.

"कसे पेनार? माझं मानूस होतं ते, मी एकदा तिले इचारलंबी. भाभी, एवढी उन्हातून आली, झिऱ्यावर थांबली, मंग घोटभर पेली काहून नाई? त म्हने, हजराबी बोललीच नाई. तिचा झिरा, तिची मर्जी."

हजराबी आता खाटेवर बसली. अंगणात एक कोंबडी पिलं घेऊन कुडाच्या आत शिरायला बघत होती. कोणीच तिला हाकललं नाही.

"रागावली होती का?" हजराबीने विचारलं.

"कोन, गंगीभाभी? नाई वो. हासली. म्हने, पानी पाजत नाई, पन चहा मातर फक्कड करते." डोंगरसिंग स्वतःच हसला. "साखर लई टाकता म्हने तुमी."

हजराबीने तोंडावर पदर घेतला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, म्हणून मी जवळ सरकले. तर ती हसत होती, आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच चाललं होतं. "साखर," ती म्हणाली, "साखर लई टाकतो म्हनते. साखर कारखान्यावर राहून." मग तिने तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायलं. डोंगरसिंगलाही हसू आलं. सुनेला काय चाललंय ते कळेना, पण तीही दारात उभी राहून हसली.

उगम तांड्यामागे थोडाच वर आहे. डोंगरसिंग काठी टेकत आमच्याबरोबर आला. मी मनात कायकाय चित्र रंगवलं होतं. प्रत्यक्षात उंबराचं एक जुनं झाड, त्याच्या मुळांखाली दगडांची कपार आणि त्यातून मनगटाएवढी धार. खाली परातीएवढं डबकं. उंबराखाली दत्ताचं स्थान असतं म्हणून मी चपला, म्हणजे तांड्यावर पुन्हा घातलेले बूट, लांबच काढले आणि हात जोडले. शेंदूर लावलेला एक दगड होता. कोणाचा ते विचारलं नाही, नमस्कार केला.

हजराबी पाण्याजवळ उकिडवी बसली. तिचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. तिने मान वळवून डोंगरसिंगकडे पाहिलं.

"प्या भाभी," तो म्हणाला.

मग तिने ओंजळ भरली.

परत चालत जायचं बळ आम्हा दोघींच्याही पायांत राहिलं नव्हतं. तांड्याच्या फाट्यावर आर्णीहून येणारी शेवटची एसटी मिळाली. गाडीत कापूस वेचून परतणाऱ्या बायका होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. हजराबी खिडकीशी बसली आणि वळणावळणावर बाहेर दिसणाऱ्या नाल्याकडे बघत राहिली. सकाळी आम्ही जे चालून गेलो होतो ते पाव तासात संपलं. मी विचार करत होते, आता बोर्डावर काय लिहायचं. तांडा साक्ष देणार होता, तो उलटाच फिरला. गंगीनेच हजराबीचं नाव दिलं म्हटल्यावर तिला आता नाही म्हणायला जागा नव्हती. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. तिचंच नाव लागावं असं मला पहिल्यापासून वाटत होतं.

"चला, हजराबी नाला, उतरा," कंडक्टर ओरडला.

"उतरतो बापा, हाकलू नको," हजराबी म्हणाली. गाडीतल्या बायका हसल्या. कंडक्टर तिला ओळखतो, त्याने हात देऊन उतरवलं.

आम्ही घराकडे न जाता पुलाखाली उतरलो. ती उतरली म्हणून मी उतरले. दिवस मावळायला टेकला होता. कहूच्या झाडाखाली, जिथे दर वर्षी झिरा असतो, तिथे अजून धार वाहत होती. महिन्याभरात ती तुटेल, मग रेती उघडी पडेल. हजराबी त्या जागेवर पाण्यातच उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याने रेती चाचपू लागली. देवळात देवरावने सांजेची घंटा वाजवली. मी तिथूनच हात जोडले.

"मग चाची," मी म्हटलं, "आता तुमचंच नाव लिहू ना? गंगीनेच दिलंय."

"तिच्या रीतीनं माझा, माझ्या रीतीनं तिचा," ती म्हणाली. "थे तिच्या रीतीनं चालली. मी माझ्या रीतीनं चालतो. बोर्ड पळसोडीत लागून राह्यला. तुमी गंगीचा नाला लिहा."

"आणि लोक तुमचं नाव घेतात त्याचं काय?"

"घेऊ द्या ना. कंडक्टर कुठं बोर्ड वाचून ओरडते? तांड्यावरची ते पोट्टी सांगनच आता, बुढी पाहून आली, अजून मेली नाई म्हनून."

मी हसले. ठरलं म्हटलं. बेबीताईंना सकाळीच सांगते. एक ओळ, मोठ्या अक्षरात, गंगीचा नाला. मी काठ चढायला वळले तर ती अजून पाण्यातच.

"बाई," तिने हाक मारली. सुमेधाबाई नाही, नुसतं बाई. पण रागावलेली नव्हती. "एक काम करा माझं. बेबीताईले म्हना, एका ओळीत भागत नाई. दोन पाह्यजे."

"दुसरी कसली?"

"गंगी एवढ्या होळ्या इथं उभी राहिली. मी इथं, थे तिथं. दोघीबी गप." तिने हाताने दोन जागा दाखवल्या. मधे जेमतेम दोन हाताचं अंतर होतं. "माझ्या मागं हा झिरा कोन उकरन मले मालूम नाई. सून गझाला उकरन का तुमी उकरान का कोनीच नाई. पन इथं आलेला मानूस कोन्या रीतीचा आहे थे कोनाले समजते? म्हनून नावाच्या खाली लिहाचं. तुमच्या हातानं."

"लिहीन. 'पाणी पिण्यासाठी परवानगीची आवश्यकता नाही,' असं काहीतरी?"

"आवश्यकता वाचता वाचता मानूस ताहानेनं पडन," हजराबी म्हणाली. "मी बोलून राह्यली तसंच लिहा. त्यात एक अक्षर सुधारू नका. लिहा, पानी पेऊन जा, कोनाले इचाराचं काम नाई."